बैलाची चाल

दोजोत, म्हणजे कराटेच्या तालमीत, पहिल्या दिवशी माझ्या हातात आलं ते फडकं. जुना टॉवेल चौपदरी दुमडून कडेने टाके घातलेला, याला इथे झोकिन म्हणतात, बादलीत बुडवून घट्ट पिळायचं, दोन्ही हातांनी लाकडी जमिनीवर दाबायचं, कंबर वर ठेवून पायांनी रेटत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. आमचा दोजो म्हणजे जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा शहरात, सेन्सेईंच्या म्हणजे आमच्या गुरूंच्या घराचा तळमजला. जेमतेम आपल्या हॉलएवढा, वर ते आणि त्यांची बायको राहतात. चार जण दोन-दोन फेऱ्या धावले की जमीन पुसून होते. त्या दिवशी माझ्या शेजारी साठीच्या एक बाई फडकं मारत होत्या, इतक्या सहज की मला वाटलं त्या साफसफाईलाच येत असाव्यात. त्यांना सहावा दान आहे, म्हणजे ब्लॅक बेल्टच्याही पुढची सहावी पायरी, हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्या कोणाकडून.

मी लहानपणी कराटे केलं होतं. सांगलीत, शाळेच्या ग्राउंडवर, चौथीपासून दहावीपर्यंत. दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, परीक्षेची फी, सर्टिफिकेट, फोटो. पिवळा झाला की नारिंगी, नारिंगी झाला की हिरवा, आणि पंधराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट कमरेला. त्या क्लासबद्दल मनात राग नाही, गोडी तिथेच लागली, पण आज एक गोष्ट बोचते की त्या सहा-सात वर्षांत आम्हाला कोणी नीट उभं राहायलाही शिकवलं नव्हतं. पुढचा बेल्ट कधी, एवढंच डोक्यात असायचं. मग इंजिनीअरिंग, नोकरी, लग्न, टोकियोला आलो, निशी-कासाईत तीन वर्षं राहिलो जिथे खाली उतरलं की भारतीय किराणा मिळतो. नवऱ्याला ओकिनावात काम मिळालं तेव्हा माझं काम घरून करण्यासारखं होतं म्हणून आलो, इतकं साधं कारण. कराटेसाठी घरदार सोडून ओकिनावाला येणारे युरोप-अमेरिकेतले लोक इथे भेटतात, माझं तसं नव्हतं. मी भाजी आणायला निघाले होते आणि एका गल्लीत संध्याकाळी साडेसातला एक आवाज ऐकू आला. ठक्. थोडा वेळ काही नाही. ठक्. तो माकिवाराचा आवाज होता, म्हणजे जमिनीत रोवलेल्या लवचिक फळीच्या वरच्या टोकाला भाताच्या काडाची दोरी गुंडाळतात आणि त्यावर मूठ मारतात. पिशवी हातात धरून मी दारात उभी राहिले. तेव्हा मला माझे आप्पा आठवले, पण त्यांच्याबद्दल पुढे.

माझ्या हातात नंतर एक पत्र आलं, म्हणजे त्याची प्रत, दोजोच्या भिंतीवरच लावलेली आहे. इतोसु आन्को हे शुरी या जुन्या राजधानीचे कराटेगुरू, र्‍युक्यूच्या शेवटच्या राजाच्या दरबारात लिहिण्याचं काम करायचे. १८७९ मध्ये जपानने राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच इतोसुंनी घराघरात लपूनछपून शिकवली जाणारी ही विद्या शाळेच्या मुलांपर्यंत आणली. १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की कराटे लवकर येत नाही, बैल कसा सावकाश चालतो पण चालता चालता हजार कोस जातो, तसं रोज एक-दोन तास मन लावून केलं तर तीन-चार वर्षांत माणसाच्या अंगात फरक पडतो. जपानी वाचता वाचता मी 'बैल' या शब्दावर थांबले. आमच्या आजोळी बैल होते. तिन्हीसांजेला गाडी परत येताना बैलांची ती चाल, घाई नाही, रेंगाळणं नाही, गाडीवान झोपला तरी गाडी घरी येणार. इतोसुंना काय म्हणायचं होतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आमच्या सेन्सेईंचा याच अर्थाचा एक शब्द आहे, ओकिनावाच्या बोलीतला. 'योन्ना, योन्ना.' म्हणजे हळू, सावकाश. जुन्या माणसांच्या तोंडात तो सतत असतो, भाजीवाली आजीसुद्धा सुटे पैसे शोधताना म्हणते. मला तो पहिल्याच महिन्यात ऐकावा लागला. त्याच पत्रात इतोसु लिहितात की माकिवारावर रोज शंभर-दोनशे वेळा हात मारावा. मी ते वाचलं आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक हाताने दोनशे मारले. पहिल्या दोन बोटांची हाडं टरारून सुजली, कातडी निघाली, आणि मला आठ दिवस कीबोर्डला हात लावता येईना, तेही ऑफिसचं काम अंगावर असताना. सेन्सेईंनी माझा हात हातात घेतला, उलटा-पालटा करून बघितला, रागावले नाहीत. म्हणाले, दहा. फक्त दहा, पण प्रत्येक वेळी खांदा खाली आणि टाच जमिनीला. सहा महिने दहाच. नंतर वीस. आज सहा वर्षांनी मी साठ मारते आणि हात कधी दुखत नाही, आणि मुख्य म्हणजे आता मला कळतं की फळी परत ढकलते तो धक्का मनगटातून, कोपरातून, खांद्यातून उतरत टाचेपर्यंत जातो की मध्येच कुठे अडतो. अडला की तिथे मी ताठलेली असते. फळीच सांगते.

आमची शैली गोजू-र्‍यू. या नावाची गोष्ट मला फार आवडते. मियागी चोजुन (१८८८–१९५३) हे आमच्या परंपरेचे मूळ पुरुष, नाहाचेच, त्यांचे गुरू हिगाओन्ना कानर्‍यो यांनी चीनमध्ये फुजियान प्रांतातल्या फुचोला जाऊन विद्या आणली. १९३० मध्ये मियागींचे शिष्य शिंझातो जिनआन टोकियोला प्रात्यक्षिक द्यायला गेले तेव्हा तिथे कोणीतरी विचारलं, तुमची शाखा कोणती? आणि शिंझातोंकडे उत्तर नव्हतं, कारण ओकिनावात कोणी शाखेला नावच देत नव्हतं. याच्याकडे शिकलो, त्याच्याकडे शिकलो, एवढंच. जसं आपल्याकडे अमुक वस्तादांचा पठ्ठा म्हणतात तसं. परत आल्यावर त्यांनी गुरूंना हे सांगितलं, आणि मियागींनी बुबिशी या जुन्या चिनी ग्रंथातल्या एका ओळीवरून नाव घेतलं. ओळीचा भाव असा की श्वास आत घेणं आणि बाहेर सोडणं यातच कठीण आणि मऊ दोन्ही आहे. गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. शिंझातो पुढे १९४५ च्या युद्धात मारले गेले. मियागींनी सगळी विद्या ज्याच्या हाती सोपवायची ठरवलं होतं तो शिष्यच गेला.

हे युद्ध इथे कराटेपासून वेगळं काढता येत नाही. एप्रिल ते जून १९४५, ओकिनावाच्या लढाईत बेटावरच्या साध्या नागरिकांपैकी साधारण चौथा हिस्सा गेला असं म्हणतात. किती गुरू, किती शिष्य, कोणाकडे होत्या त्या हस्तलिखित वह्या, सगळं जळालं. २३ जूनला आमचा दोजो बंद असतो. सेन्सेई त्या दिवशी इतोमानला शांती उद्यानात जातात, तिथे काळ्या दगडांच्या लांबच लांब ओळी आहेत आणि त्यांवर २ लाख ४० हजारांहून जास्त नावं कोरलेली, ओकिनावाची, जपानची, कोरियाची आणि अमेरिकन सैनिकांचीसुद्धा, सगळी एकाच ठिकाणी. एका वर्षी मी बरोबर गेले. सेन्सेईंच्या मोठ्या काकांचं नाव तिथे आहे. त्यांनी पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्या नावावर ओतलं, ओल्या बोटाने अक्षरं पुसली, अगदी दोजोची जमीन पुसतात तशी, कोपऱ्याकोपऱ्यातून. काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले की काका सांचिन फार सुंदर करायचे असं आई सांगायची.

सांचिन. याबद्दल मला तासभर लिहिता येईल. शब्दाचा अर्थ तीन लढाया. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका, म्हणून बघायला गेलं तर त्यात काहीच नाही, म्हणजे उड्या नाहीत, लाथा नाहीत, यूट्यूबवर लावली तर माणूस दहा सेकंदांत पुढे जाईल. दोन्ही पायांत खांद्यांच्या रुंदीएवढं अंतर, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांच्या रेषेत, बोटं किंचित आत वळलेली, गुडघे मऊ, माकडहाड आत ओढलेलं, हनुवटी आत. मग एक पाऊल, अर्धवर्तुळात, जमिनीला घासत. श्वास नाकाने आत, पोटाच्या तळापर्यंत, आणि तोंडाने बाहेर, ऐकू येईल असा. मूठ सावकाश पुढे. परत. मग दुसरं पाऊल. हे करताना सेन्सेई मागे येऊन उभे राहतात आणि तळहाताने तपासतात, खांद्यावर थाप, काखेखालच्या स्नायूंवर, मांड्यांवर, पोटावर. याला शिमे म्हणतात. व्हिडिओत बघून लोकांना ती मारहाण वाटते. पण ती थाप म्हणजे कुंभार मडकं वाजवून बघतो ना, कुठे पोकळ वाजतं का, तसं असतं. जिथे लक्ष नाही तिथे थाप बसली की लगेच कळतं.

मी सहा वर्षं रोज सांचिन करते आहे. या सहा वर्षांत सेन्सेईंनी मला त्यात जे जे सांगितलं ते एका वहीच्या पानात मावेल आणि त्यातलं निम्मं माझ्या उजव्या टाचेबद्दल आहे. 'काकातो.' टाच. एवढाच शब्द. वळताना माझी उजवी टाच केसभर उचलली जाते, मला स्वतःला कळत नाही, त्यांना पाठीमागूनसुद्धा कळतं. सुरुवातीला रडू यायचं, खरंच, घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे की बाकी सगळं सोडून माझ्या टाचेत काय आहे. आता नाही वाटत तसं. आता मला वाटतं की एका माणसाने सहा वर्षं माझ्या टाचेकडे इतकं लक्ष दिलं, कंटाळला नाही, सोडून दिलं नाही, आणि महिन्याला घेतो किती तर पाच हजार येन, ज्यात इथे दोन माणसांचं एक बरं जेवण होतं. निवृत्त माणूस, आयुष्यभर दुसरीच नोकरी केली, संध्याकाळी दोजो उघडला. ओकिनावात असे कितीतरी छोटे दोजो आहेत, गल्लीत, घरात, बाहेर एक लाकडी पाटी, बस्स.

नेम हा शब्द मला इथे राहून परत सापडला. आजीचा नेम होता हरिपाठाचा, पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो. नेम चुकला की तिला जेवण गोड लागायचं नाही. जपानी लोकांना मी समजावून सांगू शकत नाही पण दोजोतल्या लोकांना बघितलं की तोच शब्द आठवतो. माझा दिवस आता असा की पहाटे सव्वापाचला उठायचं, राइस कुकर लावायचा, गॅलरीत एकदा सांचिन, मग गेकिसाई, ही काता मियागींनी १९४० च्या सुमारास शाळकरी मुलांना जमेल अशी बसवली, मग त्या महिन्यात जी काता चालू असेल ती तीनदा. वादळ आलं की इथे दोन-दोन दिवस दारं-खिडक्या बंद, वीज जाते, तेव्हा हॉलमधलं टेबल भिंतीला लावायचं आणि अंधारात करायचं. अंधारात टाच जास्त नीट कळते. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी दोजो. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, घामाने भिजते आणि इथल्या दमट हवेत वाळत नाही, म्हणून दोन जोड लागतात. दोजोनंतर सेन्सेईंच्या पत्नी, मी त्यांना मनात काकूच म्हणते, जास्मिनचा वास असलेला सानपिन चहा आणून देतात आणि कधी कधी जेवायला थांबवतात. गोया चंपुरू म्हणजे आपलं कारलंच, टोफू आणि अंड्याबरोबर परतलेलं, आणि उन्हाळ्यात नाबेरा, मिसो घालून शिजवलेली. पहिल्यांदा वाटीत बघितलं तेव्हा मी ओरडलेच, अहो हे घोसाळं आहे! आईच्या भजीतलं घोसाळं. काकूंना भजीची रेसिपी दिली, आता त्या करतात.

भारतातून फोन आला की नातेवाईक हमखास एक गोष्ट सांगतात, कराटे तर आपलंच, बोधिधर्माने नेलं. मीही हे लहानपणी अभिमानाने सांगायचे. बोधिधर्म इथे दारुमा म्हणून घराघरात आहे, लाल बाहुलीच्या रूपात, त्याच्याबद्दल आदर आहेच. पण त्याने शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली याला भक्कम पुरावा नाही, आणि इतोसुंच्या त्याच पत्राची सुरुवातच अशी आहे की कराटे हे बौद्ध किंवा कन्फ्यूशियस मार्गातून आलेलं नाही. मला वाटतं ज्यांनी ही विद्या इतक्या कष्टाने, राज्य गेल्यावर, युद्धात घरं जळाल्यावरही सांभाळली त्यांच्या हातून ती आपल्या नावावर काढून घेऊ नये. नातं शोधायचं तर दुसरीकडे भरपूर आहे. आमच्या शैलीत सुपारिनपेई नावाची सगळ्यात मोठी काता आहे, नावाचा अर्थ एकशेआठ. सान्सेरू म्हणजे छत्तीस, सेपाई म्हणजे अठरा, चिनी आकडेच ते, ओकिनावाच्या जिभेवर वळलेले. एकशेआठ ऐकल्यावर जपमाळ हातात धरलेली आजी डोळ्यांसमोर येते, आणि इथे ३१ डिसेंबरच्या रात्री देवळातली घंटा एकशेआठ वेळा वाजते तेव्हा मी दारात उभी राहून मोजते. सुपारिनपेई मला अजून शिकवलेली नाही. कधी शिकवतील ते विचारलेलंही नाही.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये ओकिनावाच्या कियुना र्‍यो यांनी कातामध्ये सुवर्ण जिंकलं, ओकिनावाच्या माणसाला मिळालेलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. बक्षीस घेताना हातात आईचा फोटो होता. त्या रात्री आमच्या गल्लीत म्हातारी माणसं रस्त्यावर येऊन रडत होती. पुढे पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये कराटे ठेवलंच नाही. मी सेन्सेईंना म्हटलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, शुक्रवारी या. शुक्रवारी गेले. जमीन पुसली, सांचिन केलं, काकातो.

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. मिरजेत तालमीत जायचे, पहाटे चारला, जोर, बैठका, मुद्गल, मग लाल मातीत कुस्ती. त्या मातीत तेल, ताक, हळद घातलेली असायची, तो वास त्यांच्या अंगाला दिवसभर यायचा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर तालमीपर्यंत जायचे आणि दारात बसायचे. आत मुलींना जायचं नसतं. कोणी हाकललं नाही मला, कोणी वाईट बोललं नाही, फक्त ते सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. उंबऱ्यातून बघायचे, आत शिरताना माती कपाळाला लावायची, मारुतीला नमस्कार करायचा, आणि मग आवाज, मांडीवर शड्डू, मातीवर अंग आपटल्याचा धप्प आवाज. माझ्या मामेभावाला आत नेलं, तो दोन महिन्यांत कंटाळला. आता आपल्याकडे मुली कुस्ती खेळतात, मेडल आणतात, बातमी वाचली की मला भरून येतं. माझ्या वेळी आमच्या गावात नव्हतं तसं.

नाहाच्या त्या गल्लीत पिशवी घेऊन दारात उभी होते तेव्हा सेन्सेई बाहेर आले आणि म्हणाले, आत या. दारात का उभ्या? बस, इतकंच म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं हे त्यांना कळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या हातात चीईशी दिली. लाकडी दांडा आणि त्याच्या एका टोकाला सिमेंटचा गोळा. दांडा धरायचा, घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं आणि गोळा डोक्यामागून फिरवून पुढे आणून थांबवायचा. मी फिरवला आणि सेन्सेई म्हणाले, आधी केलंय का? केलं कधीच नव्हतं, पण आठ-नऊ वर्षांची असताना शेकडो वेळा बघितलं होतं, आप्पांचा मुद्गल डोक्यामागून कसा येतो, मनगट कुठे वळतं, श्वास कुठे सोडतात. मी त्यांना सांगितलं, माझे आजोबा भारतात असंच काहीतरी करायचे. सेन्सेई खूप खूश झाले, घरातून काकूंना बोलावलं, मला फोनवर मुद्गलाचा फोटो शोधून दाखवायला लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

मागच्या दिवाळीत मी मिरजेला गेले. आप्पा जाऊन बारा वर्षं झाली, घर आता बंदच असतं, आई आणि मी चार दिवस राहून साफसफाई केली. पहाटे उठून मी सोप्यातली फरशी पुसली, फडकं चौपदरी दुमडून, आणि अंगणाकडे तोंड करून सांचिन केलं. मग कोपऱ्यात जळमटात उभा असलेला आप्पांचा मुद्गल दिसला. दुसरा कोणीतरी नेला असावा, जोडीतला एकच राहिला होता. पुसून घेतला. लाकूड हाताला गुळगुळीत, मुठीची जागा काळी पडलेली. चीईशीसारखा उजव्या हाताने उचलला आणि फिरवायला लागले.

मागून आई म्हणाली, "अगं, ते डाव्याने सुरू करायचे."

वळून बघितलं तर ती चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सदुसष्ट वर्षांची माझी आई, जिला मी आयुष्यात एक सूर्यनमस्कार घालताना बघितलेलं नाही.

"तुला काय माहीत?"

"रोज बघायचे की. तालमीच्या दारातून."

मी कप तिच्या हातातून घेऊन खाली ठेवले आणि मुद्गल तिच्याकडे धरला. तिने आधी पदर खोचला, मग डावा हात पुढे केला.